यादी लेकीची, वाट आईची: रामटेकच्या एका दिवसाचं प्रकरण

नागपूरहून रामटेकला मी लोकांना गाइड म्हणून घेऊन जातो त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी शाळेत इतिहास शिकवत होतो. एवढ्या फेऱ्यांमधली एकच फेरी इथं पूर्ण मांडतो आहे, कारण त्या दिवशी मी चुकलो आणि चूक कुठे झाली ते मला दुपारी सव्वाबारा वाजता, ऐन गडाच्या दारात कळलं. माझ्यासारखं काम करणाऱ्यांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन असा प्रवास ठरवणाऱ्यांना याचा उपयोग होईल. त्या कुटुंबाला विचारून लिहितो आहे. नावं देत नाही.

मागणी काय होती

डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून एका ताईंचा फोन आला. पन्नाशीच्या, आयटी कंपनीत कामाला. आई नागपुरात भावाकडे राहते, वय ७६. ताई आणि त्यांचा नववीतला मुलगा जानेवारीत आठवडाभर येणार होते. "आईला रामटेक नीट दाखवायचंय. बसमध्ये पन्नास लोकांबरोबर नको. गाडी आमची एकट्यांची, आणि गाइड दिवसभर सोबत."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर यादी आली. मनसर, नगरधन, गडमंदिर (गडावरचं रामाचं देऊळ), कालिदास स्मारक, अंबाळा तलाव, शांतिनाथ जैन मंदिर आणि शेवटी खिंडसीला बोटिंग. सात ठिकाणं. ताईंनी अभ्यास केला होता हे दिसत होतं. यादीत फालतू असं एकही ठिकाण नव्हतं, म्हणून मला ती आवडलीच.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. आई किती चालतात? गुडघे दुखतात, पण चालते. शुगर आहे? आहे, थोडी. उपास? त्या दिवशी नाही. जेवण साधं की तिखट? साधं. मी सांगितलं की गाडी गडावर बरीच वरपर्यंत जाते, अंबाळ्याकडून पायऱ्यांची जुनी वाट चढायची गरज नाही, तरी शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आहेतच. ताई म्हणाल्या, चालेल. प्रश्न सगळे बरोबर होते. ते मी विचारले मात्र ताईंना.

मी दिवस कसा आखला

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं कामठी, कन्हान करत निघालं की मनसर आधी लागतं. तिथून उजवीकडे वळलं की रामटेक. नागपूर ते रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, गाडीनं थोड्याच वेळाच्या अंतरावर. म्हणून मी क्रम लावला: वाटेत मनसर, मग नगरधन, बाराच्या आत गड, जेवण, अंबाळा, जैन मंदिर आणि संध्याकाळी खिंडसी.

हा क्रम मला आणखी एका कारणानं प्रिय होता. त्यात गोष्ट नीट उभी राहते. विदर्भातलं प्राचीन राजघराणं म्हणजे वाकाटक. त्यांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. राजा दुसरा रुद्रसेन लवकर गेला आणि त्याची राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, लहान मुलाच्या नावानं राज्य चालवू लागली. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. त्यात तिनं आधी माहेरची, गुप्तांची वंशावळ सांगितली आहे. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळालेल्या ताम्रपटात ती रामगिरीस्वामीच्या चरणांपासून दान देते. रामगिरी म्हणजे आपला रामटेकचा गड. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन यानं राजधानी प्रवरपूरला नेली आणि ते प्रवरपूर म्हणजे मनसर, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आजी, मुलगी, नातू अशा तीन पिढ्या गाडीत असताना हा इतिहास सांगायचा, याचा मला आधीपासूनच आनंद होता.

दिवस कसा गेला

साडेसातला निघालो. जानेवारीतली थंडी, काकूंच्या, म्हणजे ताईंच्या आईच्या, अंगावर शाल आणि पायात कापडी बूट. वाटेत तर्री पोहे झाले. काकूंनी बिनतर्रीचे घेतले. तिथं त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, "अंबाळ्याले कधी जातो आपण?" मी म्हणालो, "दुपारी, जेवणानंतर, काकू." त्या हो म्हणाल्या.

मनसरला हिडिंबा टेकडीच्या पायथ्याशी साडेनऊला पोचलो. १९९७-९८ पासून तिथं मोठं उत्खनन झालं आणि टेकडी म्हणून जी ओळखली जात होती ती विटांची टप्प्याटप्प्यांची प्रचंड वास्तू निघाली. प्रवरेश्वराचं, म्हणजे प्रवरसेनाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या शिवाचं, नाव असलेली मुद्रा तिथं मिळाली. त्याआधी, १९७२ मध्ये सापडलेली शिवाची सुंदर मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे सगळं मी मुलाला सांगत वर चढत होतो. काकू विसाव्या मिनिटाला गाडीत जाऊन बसल्या. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, गडासाठी दम राहील. आज वाटतं, एक माणूस कमी झालं हे मला त्या क्षणी सोयीचं वाटलं होतं.

नगरधनला मात्र काकू गाडीतून स्वतःहून उतरल्या. आज दिसतो तो किल्ल्याचा तट भोसल्यांच्या काळातला. आम्ही दरवाजासमोर उभे होतो आणि त्या लेकीला म्हणाल्या, "इथं माह्या आजोळच्या बाया बाजाराले येत. हे पाहायले मले कोणी पैसे नव्हते मागितले." ताई हसल्या, मीही हसलो. वाकाटकांचा धागा मला सोडायचा नव्हता. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथं उत्खनन केलं, तेव्हा प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली. वर शंख, खाली ब्राह्मी लिपीत तिचं नाव. मुलगा खुलला. "म्हणजे राणीचा स्वतःचा शिक्का?" हो, तिचा स्वतःचा. एखाद्या बाईचा कारभार तिच्याच शिक्क्यानं चालत होता याचा पुरावा हातात यावा, ही केवढी गोष्ट आहे. ती सांगताना मला आजही भरून येतं.

याच वेळी काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं, "अंबाळा मग आता का?" मी म्हणालो, "आधी गड, मग अंबाळा."

नगरधनला ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त गेली. गडावर गाडी लावली तेव्हा बारा वाजून गेले होते. जानेवारी असली तरी नागपूरकडचं भर दुपारचं ऊन आणि तापलेला दगड. वानरांपासून प्रसादाची पिशवी सांभाळत आम्ही वराह दरवाजातून आत आलो. पुढे सिंगपूर, भैरव आणि गोकुळ दरवाजे लागतात, आणि मग लक्ष्मणाचं देऊळ व त्यामागे रामाचं. खांबांच्या मंडपातला तो मोठा दगडी वराह पाहून मुलगा त्याच्या पोटाखालून सरपटून गेला. पापी माणूस अडकतो अशी लोकांची समजूत आहे. नातू पार झाला म्हणून काकूंनी हात जोडले. वळताना त्यांचा गुडघा धरला आणि त्या सावलीतल्या कट्ट्यावर बसल्या त्या उठेनात.

पाणी दिलं, बूट काढले, शुगरची गोळी आणि बिस्किट झालं. पाच मिनिटांनी मी विचारलं, "काकू, अर्धा तास थांबू, मग हळूहळू वर जाऊ?" त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, "मग अंबाळा राहून जाईल काय?"

तेव्हा मी त्यांच्या बाजूला बसलो आणि पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. "अंबाळ्याचं काय आहे, काकू?"

त्या बारा वर्षांच्या असताना वडील वारले. अस्थी अंबाळ्यात सोडल्या. आमच्याकडे अनेक घरांची ती रीत आहे, तलावाच्या काठी घाट आहेत, देवळं आहेत, श्राद्धविधी तिथं चालतात. भाऊ गेले, काका गेले. "मले घरी ठेवलं. पोरीनं येऊ नये म्हणाले." नंतर लग्न झालं, त्या नागपूरला आल्या. रामटेकला त्या जत्रेत आल्या, नवस फेडायला आल्या, त्रिपुरी पौर्णिमेच्या गर्दीत आल्या. दर वेळी माणसांसोबत, माणसांच्या वेळेनं. अंबाळ्याच्या पाण्यापाशी त्या कधी पोचल्या नव्हत्या. चौसष्ट वर्षं.

ताई कट्ट्यासमोर उभ्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "आई, सांगायचं ना मला आधी." काकू म्हणाल्या, "तू एवढं ठरवलं, यादी केली. तुह्या मनाले काय वाटलं असतं?"

तिथून पुढे

मी ताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. काकूंचे गुडघे आज एकच काम करतील. गड की अंबाळा, ते त्यांनाच ठरवू द्या. जैन मंदिर, स्मारक, खिंडसी यांचा विचार आता सोडा. ताईंना ते जड गेलं. रामटेकला येऊन आईला रामाचं दर्शन न घडवता परत न्यायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. काकूंना विचारलं तर त्यांना पाच सेकंदही लागले नाहीत. "रामाले इथून हात जोडते. त्याले दिसते. अंबाळ्याले चला."

ताई आईपाशी थांबल्या. गाडी वराह दरवाजाच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणायला ड्रायव्हर भाऊंना सांगितलं. मुलाला मी अर्ध्या तासासाठी केवल नरसिंहाच्या देवळात नेलं. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. मुलाला आजीच्या दुखण्याभोवती नुसतं बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि मायलेकींनाही थोडा वेळ आमच्याशिवाय हवा होता.

केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही गडावरची दोन जुळी देवळं, वाकाटकांच्या काळातली. पंधराशे वर्षं जुनी देवळं महाराष्ट्रात उभी असलेली किती दाखवता येतील? ही दोन तशी आहेत. रामाच्या दर्शनाला येणारे बहुतेक लोक त्यांच्या जवळून जातात आणि आत डोकावत नाहीत, याची मला खंत आहे. आत नरसिंह बसलेला आहे, एक गुडघा वर, त्यावर हात आणि हातात चक्र. केवल नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. चुन्याच्या थराखाली तो शतकानुशतकं झाकलेला होता. अक्षरं झिजली आहेत, ओळी तुटल्या आहेत. अभ्यासकांनी तो जोडून वाचला, त्यांच्या वाचनानुसार प्रभावतीगुप्तेच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधलं आणि देवाला आईच्या नावावरून प्रभावतीस्वामी म्हटलं.

हे सांगताना मी एक पथ्य पाळतो. लेखात काय आहे, अभ्यासकांनी त्यावरून काय ताडलं आणि लोक काय मानतात, हे तीन वेगवेगळ्या वाक्यांत सांगतो. कालिदासाच्या मेघदूतातल्या रामगिरीचंही तसंच. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी तो रामटेकच असल्याचं साधार मांडलं आणि मला ते पटतं. पण छत्तीसगडमधल्या रामगढचाही दावा आहे, हे मी प्रत्येक गटाला सांगतो. भाविक माणसाला याचा राग येत नाही. त्याच्या श्रद्धेला तुम्ही पुरावा मागितलात तरच तो दुखावतो.

अंबाळ्याला दोन वाजता पोचलो. घाटाच्या पायऱ्या उतरायला काकूंना दोन्हीकडून आधार लागला. एका गुरुजींनी विधीचं विचारलं, काकूंनी मान हलवली. कसलाच विधी नको होता. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. पुन्हा घेतलं. ताई शेजारी.

अंबाळ्याची एक कथा आहे, अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग या पाण्यानं बरा झाला म्हणून. काठावरच्या देवळांबद्दलही सांगण्यासारखं बरंच आहे. मी चौथ्या पायरीवर जाऊन उभा राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. अकरा वर्षांत गाइड म्हणून इतका वेळ गप्प मी प्रथमच राहिलो.

सव्वा तास गेला. मग मुलगा आजीपाशी जाऊन बसला आणि वर पाहिलेलं सांगू लागला, की तिकडे एका देवळात लिहिलंय, मुलीनं आईसाठी बांधलं म्हणून. काकूंनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मायचं नाव काय होतं तिच्या?" तो म्हणाला, "प्रभावती." त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं.

साडेतीनला रामटेकमध्ये जेवलो. झुणका, भाकर, वांग्याची भाजी. कपुरी पानांसाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेलं, काकूंनी आठवणीनं पानांची एक जुडी सुनेसाठी घेतली. सहाला नागपूर.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. परतताना गाडीत ताई आईवर चिडल्या. आपण महिनाभर खपलो आणि आपल्याला आईच्या मनातलं ठाऊकच नव्हतं, हे त्यांना सलत होतं, आणि ते आईवरच निघालं. काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मुलाची खिंडसीची बोट राहिली ती राहिलीच. ताईंनी पूर्ण पैसे दिले. मी थोडे परत करू पाहिले, त्यांनी घेतले नाहीत.

माझं काय चुकलं

सगळ्यात मोठी चूक फोनवरच झाली. पैसे देणारा, बोलणारा आणि ज्याच्यासाठी प्रवास आहे तो, ही खासगी सहलीत बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं असतात. मी बोलणाऱ्याला गिऱ्हाईक समजलो. काकूंचे गुडघे, शुगर, तिखट, सगळं विचारलं, तेही त्यांच्या लेकीला. तुम्हाला कुठे जायचंय, हे त्यांना विचारलंच नाही.

दुसरी चूक मला जास्त बोचते. एक माणूस एकच प्रश्न तीन वेळा विचारतो तेव्हा तो वेळापत्रक विचारत नसतो. शाळेत पोरांच्या बाबतीत हे मला बरोबर कळायचं. इथं मी प्रभावतीच्या शिक्क्यात इतका रमलो होतो की समोरच्या बाईचं म्हणणं ऐकू आलं नाही.

तिसरी चूक क्रमाची. वाटेत लागतं ते आधी, हा हिशेब डिझेलचा आहे. पंचाहत्तरीतल्या माणसाचा दम सकाळी असतो, तेव्हा चढ सकाळी हवा. गड सव्वाआठला करा, तेव्हा दगड गार असतो आणि दर्शनही शांत होतं. मग अंबाळा. नगरधन त्यानंतर, कारण तिथं फार चढायचं नाही. मनसर परतीच्या वाटेवर, ज्याला हवं त्यानं उतरावं. किलोमीटर थोडे वाढतात, वाढू द्या.

आता मी बुकिंग घेताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी दहा मिनिटं बोलायला मागतो. बुकिंग करणाऱ्याला ते कधी विचित्र वाटतं, मी हट्ट सोडत नाही. त्यांना एकच विचारतो, "याआधी तिकडे कधी गेला होतात, आणि तेव्हा काय राहून गेलं?" आमच्या भागातल्या माणसाचं रामटेकशी काही ना काही जुनं असतंच. कोणाचं जावळ, कोणाचा नवस, कोणाच्या अस्थी. शिवाय सत्तरीपुढचं माणूस सोबत असेल तर तीनपेक्षा जास्त ठिकाणं मी कागदावर लिहून देत नाही. पैसे दिवसाचे घेतो, ठिकाणांचे नाही, आणि ते आधीच सांगतो. नाहीतर एखादं ठिकाण गाळायची वेळ आली की लोकांना आपण फसलो असं वाटतं आणि थकलेल्या माणसाला ओढत नेलं जातं.

फेब्रुवारीत काकूंच्या सुनेचा फोन आला. मग काकू स्वतः बोलल्या. पुन्हा जायचं होतं, या वेळी ताईंच्या यादीशिवाय. अंबाळा, आणि नगरधनजवळचं ते आजोळचं गाव, बस. मी विचारलं, "आणि गड, काकू?" त्या म्हणाल्या, "गुडघे म्हणतील तसं." निघायची वेळ त्यांनीच ठरवली, सकाळी सहा.